जंगलाच्या सेवांचा दाखला

वनप्रमाणीकरण म्हणजे एखाद्या जंगलाची व्यवस्था ठरलेल्या कसोट्यांप्रमाणे चालते की नाही, हे जंगलाचा मालक नव्हे आणि मालाचे गिऱ्हाईकही नव्हे अशा तिसऱ्याच कुणी प्रत्यक्ष पाहून लेखी सांगणे. गेली तीसेक वर्षे हा दाखला मुख्यतः लाकडासाठी दिला जात आला आहे. लाकडाच्या बाबतीत ते त्यातल्या त्यात सोपे आहे. ओंडका मोजता येतो, त्यावर हातोड्याची खूण करता येते, तो आगारातून गिरणीत, गिरणीतून कारखान्यात आणि तिथून दुकानात जातो. प्रत्येक टप्प्यावर पावती फाटते. जंगल जे देते त्यातला मोठा भाग मात्र असा ट्रकमध्ये चढत नाही. मे महिन्यातही ओढ्याला राहणारे पाणी, उतारावर धरून ठेवलेली माती, खोडांत आणि जमिनीत साठलेला कार्बन, ढोलीत वाढणारी पक्ष्यांची पिल्ले, रानात फिरायला आलेल्याला मिळणारा विसावा, या सगळ्याला पर्यावरणशास्त्रात परिसंस्था-सेवा म्हणतात. या सेवांचे प्रमाणीकरण कसे करतात, त्याचा पैसा कोण देतो आणि कोणाला मिळतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

सेवांची कल्पना जुनी असली तरी तिला हिशेबाचे रूप १९९०च्या दशकात आले. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पृथ्वीवरील सर्व परिसंस्थांच्या सेवांचे वार्षिक मोल सरासरीने ३३ लाख कोटी डॉलर मांडले. त्या वेळच्या जगाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा हा आकडा मोठा होता. त्यावर टीकाही भरपूर झाली, कारण ज्या गोष्टीवाचून जगणेच अशक्य, तिची एकूण किंमत काढण्याला फारसा अर्थ नसतो. तरी त्या आकड्याने एक काम केले. जंगलाचा विचार केवळ घनमीटरमध्ये करण्याची अर्थखात्यांची सवय थोडी ढिली झाली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने पुरवठ्याच्या, नियमनाच्या, सांस्कृतिक आणि आधारभूत अशी सेवांची चौपदरी विभागणी रूढ केली.

प्रमाणपत्राचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९८०च्या दशकात उष्ण कटिबंधातील वर्षावनांची तोड पाहून युरोप-अमेरिकेत तिथल्या लाकडावर बहिष्कार घालण्याची चळवळ झाली. बहिष्काराचा एक उलटा परिणाम होतो, हे लवकरच ध्यानात आले: लाकडाला भाव नसला की उभे जंगल मालकाला निरुपयोगी वाटते आणि ते जाळून तिथे कुरण करणे परवडते. जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरोच्या वसुंधरा परिषदेत हवामान आणि जैवविविधता यांवर करार झाले. जंगलांबाबत मात्र बंधनकारक करार होऊ शकला नाही, केवळ तत्त्वांचे एक निवेदन निघाले. सरकारांना जे जमले नाही ते काही पर्यावरण संस्था, लाकूड व्यापारी आणि आदिवासींच्या संघटना यांनी आपापसांत करायचे ठरवले. १९९३ मध्ये टोरांटोत भरलेल्या सभेत फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, स्थापन झाली. तिचे कार्यालय आधी मेक्सिकोतील ओआहाका शहरात होते, २००३ पासून जर्मनीत बॉन येथे आहे. सामाजिक, पर्यावरणीय आणि आर्थिक अशी तीन सभागृहे, तिघांची मते सारखी, आणि प्रत्येकात श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण यांचे वजन समान, ही तिची घटना आजही तिच्या कसोट्यांपेक्षा जास्त लक्ष देण्याजोगी आहे. १९९९ मध्ये युरोपातील छोट्या वनमालकांच्या पुढाकाराने पीईएफसी ही दुसरी व्यवस्था उभी राहिली. ती स्वतः एकच कसोटी लादत नाही, देशोदेशींच्या प्रमाणनयोजना तपासून त्यांना मान्यता देते.

टिकाऊ वनव्यवस्थापन हा काही या संस्थांनी लावलेला नवा शोध नव्हे. सॅक्सनीतील खाणअधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्येच, वाढेल तेवढेच तोडावे, हा नियम ग्रंथरूपाने मांडला होता. जर्मन वनविद्येची ही परंपरा १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेल्या डिट्रिख ब्रँडिस यांच्याबरोबर इकडे आली, आणि प्रत्येक वनविभागासाठी कार्य आयोजना लिहिण्याची पद्धत पडली. कूप पाडणे, विरळणी, पुनर्निर्मिती, जाळरेषा यांचा दहा-दहा वर्षांचा आराखडा भारतीय वनाधिकारी शतकाहून अधिक काळ करत आले आहेत. त्या आराखड्याचा केंद्रबिंदू मात्र लाकूड आणि महसूल हा राहिला. शिवाय आराखडा लिहिणारे, अमलात आणणारे आणि तपासणारे खाते एकच. तपासणारा बाहेरचा असावा, एवढी भर प्रमाणीकरणाने घातली. ती लहान नाही.

एफएससीची व्यवस्थापनकसोटी दहा तत्त्वांची आहे. कायद्याचे पालन, कामगारांचे हक्क, आदिवासींचे हक्क, स्थानिक समाजाशी संबंध यांपासून पर्यावरणीय मूल्ये, नियोजन, देखरेख आणि विशेष संवर्धनमूल्य असलेल्या क्षेत्रांची जपणूक यांपर्यंत ती पसरली आहेत. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि दर वर्षी तपासणी होते. तपासणी एफएससी स्वतः करत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रमाणन कंपन्या असतात. त्यांची फी ज्याचे जंगल तपासायचे तोच भरतो. या व्यवस्थेचे सर्वांत दुबळे अंग हेच आहे. परीक्षकाचा पगार परीक्षार्थ्याने द्यायचा असला की नापास करणाऱ्या परीक्षकाकडे पुढच्या वर्षी कोण जाईल, ही शंका कधी पुरती मिटलेली नाही. दुसरी उणीव भूगोलाची. जगात सुमारे ४१४ कोटी हेक्टर जंगल आहे आणि त्यातील साधारण दहावा हिस्सा प्रमाणित आहे; पण हा प्रमाणित भाग बहुतांशी युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात आहे. ज्या वर्षावनांच्या काळजीतून हे सगळे सुरू झाले, ती त्यात थोडी.

कारण उघड होते. उष्ण प्रदेशातले गावकरी किंवा छोटे मालक जंगल राखतात तेव्हा त्यांच्याकडे विकायला लाकूड फारसे नसते, आणि लाकूड नसेल तर लाकडाचा शिक्का त्यांच्या काय कामाचा? यातून २०११ ते २०१७ या काळात जागतिक पर्यावरण निधीच्या पैशाने आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमामार्फत एक प्रयोग झाला. चिली, इंडोनेशिया, नेपाळ आणि व्हिएतनाम या चार देशांत निवडक ठिकाणी, जंगलाच्या सेवांना प्रमाणपत्र देता येईल का, हे पाहिले गेले. त्या अनुभवावर बेतून एफएससीने २०१८ मध्ये परिसंस्था-सेवांची कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यात सुरुवातीला पाच सेवा धरल्या होत्या: जैवविविधतेचे संवर्धन, कार्बनचे शोषण आणि साठवण, पाणलोट-सेवा, मृदासंधारण आणि पर्यटन-विरंगुळा.

या कार्यपद्धतीत आधी जंगलाचे नेहमीचे व्यवस्थापन-प्रमाणपत्र असावेच लागते. त्यावर मालकाने कोणत्या सेवेबद्दल दावा करायचा ते जाहीर करायचे, ती सेवा कोणाला मिळते आणि तिला धोका कशाचा आहे ते लिहायचे. मग येतो कळीचा टप्पा: आपण केलेल्या कोणत्या कामामुळे कोणता बदल घडेल, याची कार्यकारणाची साखळी मांडायची. ओढ्याच्या काठची तीस मीटर पट्टी तोडीतून वगळली, त्यामुळे मातीची धूप थांबेल, त्यामुळे पाण्याचा गढूळपणा कमी होईल, अशी. त्यानंतर मोजण्याचा निर्देशक निवडायचा, मोजायचे, आणि आलेला आकडा आधीच्या वर्षांशी किंवा शेजारच्या तुलनायोग्य जंगलाशी ताडून पाहायचा. हे सगळे बाहेरच्या तपासनिसाने पडताळले की दावा वैध ठरतो, आणि एखादी कंपनी त्या दाव्याची पुरस्कर्ती होऊन पैसे देऊ शकते, आपल्या जाहिरातीत त्याचा उल्लेख करू शकते. एफएससी स्वतः कार्बन क्रेडिट मात्र देत नाही. ते ज्याला विकायचे असेल त्याला त्या बाजारातल्या वेगळ्या मानकांकडे जावे लागते.

लाकडाच्या प्रमाणपत्रात आणि यात एक मूलभूत फरक आहे. लाकडाचा दाखला कामाची पद्धत नीट होती एवढेच सांगतो. सेवेच्या दाखल्याला परिणाम घडला असे सांगावे लागते. पद्धत डोळ्यांनी पाहता येते. परिणाम मोजावा लागतो, आणि इथे सर्व सेवा सारख्या नाहीत.

कार्बन त्यातल्या त्यात सोपा. नमुना-भूखंड आखायचे, त्यातील प्रत्येक झाडाची छातीच्या उंचीवरची गोलाई घ्यायची, जातीनुसार ठरलेल्या सूत्राने वजन काढायचे. कोरड्या वजनाच्या साधारण ४७ टक्के कार्बन असतो आणि कार्बनच्या वजनाला ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणले की कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. गावातील शिकलेली मुले टेप घेऊन हे काम नीट करू शकतात, हे नेपाळमध्ये दिसले आहे. अडचण मोजणीत नसून तुलनेत आहे. प्रकल्प नसता तर हे जंगल तुटले असते का? तुटले असते असे ठरवले की न तुटलेले प्रत्येक झाड विकाऊ क्रेडिट होते, आणि हे ठरवणारा बहुधा विकणाराच असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये थेल्स वेस्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सहा देशांतील २६ वनरक्षण प्रकल्पांची त्यांनी तशाच परिस्थितीतील प्रकल्पाबाहेरच्या जंगलांशी तुलना केली. बहुतेक प्रकल्पांत जंगलतोड लक्षणीय कमी झालेली नव्हती, आणि तपासलेल्या प्रकल्पांनी मिळवायच्या क्रेडिटपैकी सुमारे ६ टक्क्यांमागेच खरी घट सापडली. हे प्रकल्प बिनदाखल्याचे नव्हते. सर्व प्रमाणित होते.

पाण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याबद्दलचे समज फार ठाम आहेत. झाडे लावली की झरे वाहू लागतात, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र आढळते. झाड दोन कामे एकाच वेळी करते: मुळे आणि पालापाचोळा यांमुळे पाणी जमिनीत मुरते, आणि पानांवाटे तेच पाणी हवेत जाते. कोणते काम वरचढ ठरेल, हे झाडाची जात, मातीची खोली, पावसाची तऱ्हा आणि झाडाआधी तिथे काय होते यांवर अवलंबून असते. निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गन येथे शेजारशेजारच्या दोन पाणलोटांवर दीर्घ प्रयोग झाला. एकातले शोला-गवताळ रान तसेच ठेवले, दुसऱ्यात निलगिरीची लागवड केली. पहिल्या दहा वर्षांच्या चक्रात लागवडीच्या पाणलोटातून वाहून येणारे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले आणि फुटव्यांच्या दुसऱ्या चक्रात ही घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून पाणलोटांतील परदेशी झाडे तोडण्याची सरकारी मोहीमच चालवली, आणि तिचा एक उद्देश नद्यांचे पाणी वाढवणे हा होता. म्हणजे पाणलोट-सेवेचा दाखला झाडे आहेत म्हणून देता येत नाही. उजाड, तुडवलेल्या जमिनीवर परतलेले मिश्र स्थानिक जंगल उन्हाळी प्रवाह सुधारू शकते. गवताळ पठारावरची एकजातीय लागवड तो आटवू शकते. जाणते दावेदार म्हणूनच पाण्याच्या प्रमाणाऐवजी गुणाबद्दल बोलतात. गढूळपणा मोजणे स्वस्त आहे, त्याचा जंगलाशी संबंध जास्त निश्चित आहे, आणि जलशुद्धीकरण केंद्राला किंवा धरणाला त्याचीच काळजी असते.

जैवविविधतेच्या बाबतीत एकच आकडा मिळत नाही. कुणी सूचक जाती धरतो, कुणी ढोलींची संख्या, कुणी पडून राहिलेल्या मृत खोडांचे प्रमाण. इथे अधिवासाची स्थिती मोजणे पक्षी मोजण्यापेक्षा विश्वासार्ह ठरते, कारण पक्षी उडून जातो आणि त्याचे येणे-न-येणे शेकडो मैलांवरच्या कारणांवर अवलंबून असू शकते. माती आणि पर्यटन या सेवांचा विचार इथे लांबवण्याचे कारण नाही. पहिली बरीचशी पाण्याबरोबर मोजली जाते आणि दुसरीत वाटांची डागडुजी नि अभ्यागतांची नोंद एवढाच प्रश्न असतो.

आता पैशाकडे. सेवेला पैसे देण्याचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रमाणपत्राशिवायचे आहे. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअरच्या डोंगरांतून येते. १९९०च्या दशकात गाळणी प्रकल्प बांधण्याची वेळ आली, आणि त्याचा खर्च सहा ते आठ अब्ज डॉलर धरला गेला. १९९७ मध्ये शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला आणि त्याहून कितीतरी कमी पैशांत शेतकरी, वनमालक आणि सांडपाण्याची व्यवस्था यांवर खर्च करून पाणी मुळातच स्वच्छ राखले. तिथे दाखल्याची गरज पडली नाही, कारण पाणी पिणारा आणि पैसे देणारा एकच होता आणि तो रोज पाणी तपासतच होता. हिमाचल प्रदेशातील पालमपूरचे उदाहरण याच जातीचे, फक्त फार लहान. नगर परिषदेला पाणी देणाऱ्या बोहल झऱ्याच्या वरचे जंगल ज्या गावांनी राखायचे, त्यांच्या समितीशी परिषदेने २०१० मध्ये करार केला आणि वर्षाला दहा हजार रुपये द्यायचे मान्य केले. रक्कम किरकोळ आहे. तत्त्व किरकोळ नाही.

प्रमाणपत्राची खरी गरज घेणारा दूर असतो तिथे लागते. कार्बनचा ग्राहक दुसऱ्या खंडात असतो, जैवविविधतेचा ग्राहक तर अजून जन्मलेलाही नसतो. जंगल पाहायला येणे त्याला शक्य नाही, म्हणून दाखला हवा. आणि नेमका हाच ग्राहक पैसे द्यायला बांधलेला नसतो. मर्जी असेल तर देतो, बाजार पडला की थांबतो. एफएससीच्या पुरस्कर्त्यांची हीच स्थिती आहे. दावा पडताळून तयार होतो आणि पुरस्कर्ता मिळेपर्यंत कागदावर राहतो.

याच्या नेमके उलट चित्र व्हिएतनामचे. २००८ मध्ये लाम डोंग आणि सोन ला या प्रांतांत चाचणी करून सरकारने २०१० मध्ये ९९ क्रमांकाचा हुकूम काढला. जलविद्युत कंपन्यांनी प्रत्येक युनिट विजेमागे २० डोंग आणि पाणीपुरवठा कंपन्यांनी प्रत्येक घनमीटरमागे ४० डोंग वनसंरक्षण निधीत भरायचे. नंतर हे दर अनुक्रमे ३६ आणि ५२ डोंग झाले. छत्तीस डोंग म्हणजे भारतीय हिशेबात दहा-बारा पैसे. ग्राहकाला ते जाणवतही नाहीत, पण सगळ्या वरच्या खोऱ्यांतील जंगल राखणाऱ्या कुटुंबांना त्यातून वार्षिक पैसे मिळतात आणि निधीचा फार मोठा हिस्सा जलविद्युतेतूनच येतो. उणीव अशी की पैसे क्षेत्रफळावर आणि जंगलाच्या प्रतवारीवर वाटले जातात. नदीतला गाळ खरेच कमी झाला का, याचा वाटपाशी संबंध नाही. कोस्टा रिकाने हेच थोडे आधी केले. १९९६ च्या वनकायद्याने कार्बन, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवा कायद्यात नोंदल्या, इंधनावरील कराचा हिस्सा त्यासाठी राखला आणि १९९७ पासून वनमालकांशी करार सुरू केले. १९८०च्या दशकात देशाच्या पाव भागाच्या आसपास घसरलेले जंगल आज निम्म्याहून अधिक भूमीवर आहे. त्याचे सगळे श्रेय त्या पैशाला देता येत नाही. त्याच कायद्याने जंगलाच्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली, आणि गोमांसाचा धंदा तोपर्यंत मंदावला होता. तरीही दोन्ही देशांत एक गोष्ट समान आहे: देणारा कायद्याने बांधलेला आहे. तिथे पुरावा कच्चा पण पैसा पक्का. प्रमाणपत्राच्या जगात पुरावा तुलनेने पक्का, पैसा कच्चा. हे दोन अर्धे एकत्र आलेली व्यवस्था अजून कुठल्याही देशात मोठ्या प्रमाणावर उभी राहिलेली नाही.

पैसे आले तर ते कोणाला, याचे विचारपूर्वक उत्तर नेपाळने दिले. तिथे १९९३ च्या कायद्याने जंगले सामुदायिक वन उपभोक्ता गटांकडे आली. २००९ ते २०१३ या काळात दोलखा, गोरखा आणि चितवन जिल्ह्यांतील तीन पाणलोटांत, शंभरावर सामुदायिक वनांमध्ये कार्बनच्या मोबदल्याचा प्रयोग झाला. वाटपाचे सूत्र असे: ४० टक्के वजन कार्बनचा साठा आणि वाढ यांना, उरलेले ६० टक्के गटातील गरीब कुटुंबे, दलित, आदिवासी-जनजाती आणि स्त्रिया यांच्या प्रमाणाला. शुद्ध बाजाराच्या दृष्टीने हे चूक आहे, कारण कार्बनला कोणाची जात कळत नाही. जंगल राखण्याचा खरा भार मात्र चाऱ्याचा आणि सरपणाचा भारा सोडून द्यावा लागणाऱ्या बाईवर पडतो, आणि हे सूत्र करणाऱ्यांनी ते ओळखले.

भारतात जंगलाच्या सेवांची किंमत ठरलेली आहे, पण ती मोजली जाते जंगल तुटताना. जंगलांविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वनजमीन अन्य कामाला देताना निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करायला सांगितले. कांचन चोप्रा समितीच्या अहवालानंतर २००८ मध्ये हे दर जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरले, आणि २०२२ मध्ये वाढले. खाणीसाठी जंगल दिले की पाणी, माती, कार्बन यांचा हिशेब लागतो. तेच जंगल गावाने शंभर वर्षे राखले तर लागत नाही. उभ्या जंगलाला मोबदला मिळतो तो राज्याला: चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांच्या करवाट्यात वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन दिले, पंधराव्याने १० टक्के. हे जगातल्या मोठ्या पर्यावरणीय हस्तांतरणांपैकी एक आहे. पण रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथून रानाकाठच्या गावापर्यंत पोचण्याची वाट ठरलेली नाही. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने मधू वर्मा यांच्या नेतृत्वाखाली आधी सहा आणि मग दहा व्याघ्र प्रकल्पांच्या सेवांचे मूल्यांकन केले. दुसऱ्या यादीत मेळघाट होते. अशा अभ्यासांतले आकडे डोळे दिपवणारे असतात. त्यांचे पुढे देयकात रूपांतर होत नाही.

२०२३ मध्ये केंद्राने हरित क्रेडिट नियम आणले. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडे आणि झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता. सेवा मोजण्याऐवजी रोपे मोजण्याचा हा प्रकार होता, आणि ग्लेनमॉर्गनचा धडा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्यावर योग्यच टीका केली. झुडपी रान आणि गवताळ माळ यांच्यावर घनदाट लागवड करून क्रेडिट मिळवता येत होते. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेने पाच वर्षांची आणि किमान छत्रघनतेची अट घातली, म्हणजे निदान झाड जगले पाहिजे.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्राचे नाव लवकर आले. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड वनविभागाला एफएससीचे वनव्यवस्थापन प्रमाणपत्र मिळाले, देशातील वनविभागांत ते पहिले होते. पुढे त्याची मुदत संपली. उत्तर प्रदेशात वन निगमाच्या कामाखालील ४१ विभाग पीईएफसीच्या व्यवस्थेत आले. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या एनसीसीएफ या भारतीय संस्थेच्या मानकाला पीईएफसीने मान्यता दिली होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने स्वतःची भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना सुरू केली. ती चालवण्याचे काम भोपाळच्याच वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे, शिक्क्याचे नाव ‘प्रमाण’ आहे, आणि कसोट्या त्याच वर्षीच्या राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेशी जोडल्या आहेत. योजनेचा रोख लाकडावर आणि निर्यातदारांच्या गरजेवर आहे. शेताच्या बांधावरील झाडांचा तीत समावेश आहे, आणि भारतात औद्योगिक लाकूड मुख्यतः तिथूनच येत असल्याने ते बरोबरही आहे. सेवांसाठी वेगळा दाखला तीत धरलेला नाही.

सह्याद्रीत मात्र सेवेला वस्तूच्या पाठीवर बसवून बाजारात नेण्याचा एक प्रयत्न झाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन फार थोडी, बहुतेक झाडी खासगी. लाकूडतोडीचा कंत्राटदार दाराशी येतो तेव्हा बेहड्याचा जुना वृक्ष मालकाला सरपणाच्या भावाने द्यावा लागतो. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश घरटे करतात ते अशाच जुन्या, ढोली असलेल्या झाडांत. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात मालकांशी जंगल न तोडण्याचे करार केले आणि बेहड्याच्या फळांना रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठीच्या ‘फेअरवाइल्ड’ मानकाचे प्रमाणपत्र मिळवले. भीमाशंकर परिसरात महादेव कोळी संकलकांच्या हिरड्यालाही. ब्रिटनमधील एका आयुर्वेदिक चहाच्या कंपनीने तो माल वाढीव दराने घेतला. किती फळे झाडावर सोडायची, कोणत्या झाडांना हात लावायचा नाही, वाळवण कसे करायचे, हे नियम संकलकांना शिकवावे लागले आणि नोंदवह्या ठेवाव्या लागल्या. या दाखल्यात धनेशाच्या घरट्याची वेगळी किंमत नाही. ती बेहड्याच्या किलोमागच्या दरात मिसळलेली आहे, आणि म्हणूनच ती मिळते. पुरस्कर्ता शोधत बसलेल्या कोऱ्या दाव्यापेक्षा हे टिकाऊ आहे. मर्यादा एवढीच की ज्या सेवेबरोबर विकण्याजोगे फळच नाही तिला हा मार्ग बंद आहे.

पूर्व विदर्भात प्रश्न वेगळ्या ठिकाणी येतो. वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने बांबू विकण्याचा वाहतूक परवाना स्वतः हाती घेतला. चंद्रपूरच्या पाचगावने तेंदूपत्त्याचा हंगाम आपणहून बंद केला, कारण चांगल्या पानासाठी झाडे छाटली जात आणि रानाला आगी लावल्या जात. उत्पन्नावर पाणी सोडून जंगल राखण्याचा हा निर्णय म्हणजे एफएससीच्या कार्यपद्धतीत जी कार्यकारणाची साखळी मागतात तीच आहे, फक्त ती ग्रामसभेच्या ठरावात लिहिलेली आहे. अशा गावाला प्रमाणपत्र परवडेल का? एकट्याला नाही. तपासनिसाचा प्रवास, मुक्काम आणि दरवर्षीची फी बांबूच्या एका कुपाचे उत्पन्न खाऊन टाकेल. त्यावर तोडगा गट-प्रमाणपत्राचा. अनेक वने एका संघाच्या नावावर, संघाची स्वतःची अंतर्गत तपासणी, आणि बाहेरच्या तपासनिसाने दर वर्षी त्यांतली काही नमुन्यादाखल पाहायची. नेपाळमध्ये सामुदायिक वनांच्या महासंघाने असे गट-प्रमाणपत्र घेऊन दाखवले. महाराष्ट्रात ग्रामसभांचे महासंघ कोरची, कुरखेडा, धानोरा या पट्ट्यात आहेत, तेंदूपत्त्याचे लिलाव त्यांनी एकत्र केले आहेत, आणि हिशेब ठेवण्याची सवय त्यांना लागली आहे. कायद्याने जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. दाखल्यासाठी अर्ज तिच्या नावाने जाऊ शकतो की वनविभागाच्या, यावर त्या पैशाचे खाते कोणाचे, हे ठरणार आहे.